फळें पाडण्याची विद्या

कोंकणांतील हापूस आंबा एका वर्षीं मोहोरानें लवतो आणि पुढच्या वर्षीं पुष्कळदां रिकामा राहतो, हें सर्वांस ठाऊक आहे. सफरचंदाच्या अनेक जातींचा स्वभाव असाच असतो. त्यावर बागाईतदारांनीं शोधलेला उपाय मात्र प्रथमदर्शनीं विपरीत वाटेल : चांगलीं धरलेलीं फळें मुद्दाम पाडावयाचीं!

सफरचंदाच्या एका गुच्छांत बहुधा पांच-सहा फुलें असतात. झाड भरघोस फुललें असतां शंभर फुलांमागें पांच ते दहा फळें टिकलीं, तरी पीक पुरेसें होतें. त्याहून फार अधिक राहिलीं, तर पानांनीं तयार केलेली साखर सर्वांत वांटली जाते व फळें लहान आणि बेचव निपजतात. हानि एवढ्यावरच संपत नाहीं. पुढील वर्षाच्या फुलकळ्या याच उन्हाळ्यांत घडत असतात आणि कोवळ्या फळांच्या बियांतील जिबरेलिन नांवाचीं द्रव्यें त्यांस अटकाव करतात. यंदाचा लोभ पुढचें पीक बुडवितो, तो असा.

हातानें केलेली विरळणी सर्वांत नेमकी. गुच्छांतील मधलें मोठें फळ राखून बाकीचीं खुडतां येतात. पण मोठ्या बागेस तितके हात कोठून आणावयाचे? १९३९ सालीं अमेरिकन कृषिखात्यांतील शास्त्रज्ञांनीं दाखविलें कीं, नॅफ्थॅलीन ॲसेटिक आम्ल फवारल्यास पिकत आलेलीं फळें अकालीं गळत नाहींत. पुढें तेंच आम्ल कोवळीं फळें गाळण्यासाठीं वापरांत आलें! द्रव्य एकच, फरक वेळेचा. फळ सुमारें दहा मिलिमीटर जाडीचें असतांना तें सुटतें. पक्व होतांना तें देंठास धरून राहतें.

१९६० सालीं कार्बारिल या कीटकनाशकाचाहि असाच गुण प्रसिद्ध झाला. परंतु तें मधमाश्यांस घातक, आणि बहुतेक जातींचें फळ धरावयास मधमाशीच लागते. भारतांत २०१८ च्या आदेशानें त्यावर बंदी आली.

शिवाय हवेचा भरंवसा नसतो. उबदार, ढगाळ दिवसांत तीच मात्रा अधिक फळें गाळते. थंडींत ती निष्प्रभ ठरते. झाडावर उरलेलें जादा फळ मागाहून हातानें खुडतां येतें, गळलेलें मात्र पुन्हां चिकटवितां येत नाहीं. म्हणून जाणता बागाईतदार फवारणीपूर्वीं आकाश पाहतो, फळें मोजतो, आणि थोडें कमीच फवारून उरलेलें काम हातांवर सोंपवितो.