उशिरा मागितलेला आसरा



आपल्या मुदखेड-भोकर भागात ज्यांची जमीन कधी रस्त्यात, कधी तलावात गेली, त्यांना ‘विलंब माफी’ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. वाढीव मावेजाचं अपील मुदतीत दाखल झालं नाही, की वकीलसाहेब मुदत कायद्याच्या कलम ५ खाली अर्ज लिहितात. उशीर का झाला ते त्यात सांगायचं. कारण पटलं, तर कोर्ट मूळ प्रकरण ऐकायला घेतं. १९८७ साली काश्मीरमधल्या अनंतनागच्या भूसंपादनाचं असंच प्रकरण सुप्रीम कोर्टासमोर होतं. तिथं उशीर शेतकऱ्याला नव्हे, सरकारला झाला होता, चार दिवसांचा. कोर्टानं तो माफ केला. उशिरा येऊन सहसा कुणाचा फायदा होत नसतो, आणि तांत्रिक बाब व न्याय समोरासमोर आले तर न्यायाला झुकतं माप द्यावं, असं त्या निकालाचं सांगणं आहे.

मावेजाच्या पैशासाठी आपण एवढं ऐकून घेतो. मग जीव वाचवायला आसरा मागणारा माणूस उशिरा बोलला, तर त्याचंही ऐकून घ्यायला नको का?

२०१४ साली येमेनमधून एक जण शिक्षणाच्या व्हिसावर भारतात आला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हूथी बंडखोरांनी राजधानी साना ताब्यात घेतली आणि मार्च २०१५ पासून सौदी अरेबियाच्या नेतृत्वाखाली हवाई हल्ले सुरू झाले. इकडे व्हिसा संपला. त्याच्याकडे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक कार्यालयाचं ओळखपत्र होतं, तरी पुणे पोलिसांनी देश सोडण्याची नोटीस दिली. २०२४ मध्ये हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात आलं, तेव्हा पाकिस्तानात किंवा आखातातल्या एखाद्या देशात जा, भारताच्या उदारपणाचा गैरफायदा घेऊ नका, असं खंडपीठानं सुनावणीत सुनावलं.

न्यायालयाचा मान राखून मी म्हणेन, की असल्या प्रकरणात तारखा नीट पाहिल्या पाहिजेत. शिकायला निघालेल्या माणसाला घर सोडताना भीती नसते. त्याच्या माघारी देशात युद्ध पेटतं आणि परतीची वाट बंद होते. त्याला ‘आल्याबरोबर का नाही सांगितलं’ असं विचारलं, तर तो काय सांगणार? तेव्हा सांगण्यासारखं काही घडलेलंच नव्हतं.

उशिराचं दुसरं कारण याहून अवघड आहे. छळ झालेला माणूस, अब्रूवर घाला पडलेली बाई, गणवेशातल्या माणसासमोर पहिल्याच दिवशी तोंड उघडत नाही. आपल्याच सुप्रीम कोर्टानं १९९६ मध्ये पंजाबातल्या गुरमित सिंग खटल्यात हे ओळखलं. बलात्काराची फिर्याद उशिरा आली म्हणून ती खोटी ठरत नाही, असं कोर्टानं सांगितलं. आपल्या मराठवाड्याला तर हे वेगळं सांगायला नको. रझाकारांच्या काळात इथली माणसं पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात, उमरखेडकडे गेली. पुढं सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर नांदेड, उस्मानाबाद, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत मुसलमानांवर काय ओढवलं, ते पंडित सुंदरलाल समितीनं नोंदवलं. दोन्हीकडच्या कित्येक घरांत त्या दिवसांबद्दल वर्षानुवर्षं कुणी बोललं नाही. गप्प राहिलेल्यांवर काही गुजरलंच नव्हतं, असं आपण म्हणू का?

मग अशा उशिराचं काय करायचं? अमेरिकेनं १९९६ मध्ये आसऱ्याच्या अर्जाला एक वर्षाची मुदत घातली. मायदेशातली परिस्थिती बदलली किंवा असाधारण अडचण आली, तर ती शिथिल होते. पण मुदत चुकली तरी सगळं संपत नाही. परत पाठवल्यास धर्म, वंश, राजकीय मत अशा कारणावरून जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका होण्याचीच शक्यता जास्त आहे, हे सिद्ध केलं, तर त्या देशात पाठवता येत नाही. छळाच्या धोक्यालाही असंच संरक्षण आहे. पुरावा जास्त भक्कम लागतो आणि मिळणाऱ्या सवलती कमी असतात, पण जीव वाचतो. आज तिथं परत पाठवण्याचा जोर असला, तरी कायद्यातला हा फरक मला फार मोलाचा वाटतो. उशिराची किंमत सवलतीतून वसूल करा, जिवातून नको.

भारतानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि आसऱ्याचा स्वतंत्र कायदाही केलेला नाही. २०२५ चा नवा परदेशी नागरिक कायदा आला, त्यातही ही सोय नाही. त्यामुळे सगळं न्यायालयाच्या समजुतीवर येऊन थांबतं. १९९४ मध्ये याच मुंबई उच्च न्यायालयानं एका इराणी निर्वासिताला इराणात पाठवू दिलं नव्हतं. १९९६ च्या चकमा निर्वासितांच्या निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की घटनेचं कलम २१ नागरिकांपुरतं नाही, ते प्रत्येक माणसाच्या जिवाचं रक्षण करतं. २०२१ मध्ये मात्र जम्मूतल्या रोहिंग्यांची पाठवणी थांबवायला कोर्टानं नकार दिला. ठरलेली कार्यपद्धती पाळल्याशिवाय पाठवू नका, एवढी अट घातली.

कुणी म्हणेल, पकडला गेल्यावर प्रत्येक जण ‘जीव धोक्यात आहे’ म्हणेल. काही जण म्हणतीलही. देशात कोण राहावं हे ठरवायचा सरकारचा अधिकार मोठा आहे, हे मलाही मान्य आहे. पण खरं-खोटं निवडायला सुनावणीच लागते. ती टाळली की काय होतं, ते जून २०२५ मध्ये दिसलं. महाराष्ट्रात पकडलेले पश्चिम बंगालचे काही मजूर बांगलादेशी समजून सीमेपार ढकलले गेले. ते भारताचेच नागरिक निघाले आणि त्यांना परत आणावं लागलं. घाईत घरच्या माणसाची ओळख पटली नाही, तर परक्याच्या जिवाचा धोका कुठून कळणार?

म्हणून माझं मागणं साधं आहे. संसदेनं आसऱ्याचा कायदा करावा. उशीर का झाला हे त्यात जरूर विचारावं, पण परत पाठवल्यावर काय होईल हा प्रश्न वेगळा ठेवावा आणि त्याला मुदत घालू नये. अर्जदाराला त्याच्या भाषेत बोलता यावं, वकील मिळावा, आणि एका न्यायाधीशानं ऐकून लेखी निकाल देईपर्यंत पाठवणी थांबावी. शेताच्या बांधासाठी आपण जिल्हा कोर्टापासून संभाजीनगरच्या खंडपीठापर्यंत दाद मागतो. माणसाच्या जिवासाठी निदान एक सुनावणी आपल्या देशात प्रत्येकाच्या वाट्याला आली पाहिजे.