वर्गणी मागताना
(हळदीकुंकू समारंभातील भाषण)



आपल्या बालवाडीसाठी वर्गणी मागायची म्हटली की पाय अडखळतात. अण्णासाहेब कर्व्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव हिंडल्या, भाषणे केली. १९१८ साली अमेरिकेलाही गेल्या. इंग्रजी बेताचेच! आपल्याला तर फक्त आपली आळी फिरायची आहे.

यंदा वाण म्हणून प्लास्टिकचे डबे लुटू नयेत. (फळीवर आधीच वीस असतात.) ते पैसे शाळेच्या पेटीत टाकावे. पावती मात्र प्रत्येकीला, पाच रुपयांचीसुद्धा. हिशेब फळ्यावर लावू. शेजारी मुलांची चित्रे मांडली आहेत, ती अवश्य पाहा. आपल्या शब्दांपेक्षा तीच जास्त वर्गणी आणतील. छपराचे पत्रे पावसाळ्यापूर्वी बदलायचे आहेत. पेटी दाराशी ठेवली आहे.