आबा स्वतःवर हसतात

(कडेगाव येथे बचतगटांतील मैत्रिणींपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला आज कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यावर बोलायला बोलावलं आहे. फळ्यावरही तसंच लिहिलं आहे. कायद्यावर मी बोलणारच आहे, पण वाट जरा लांबची घेणार आहे. टीव्हीवरच्या एका जुन्या विनोदी मालिकेपासून सुरुवात करते. मागं बसलेल्या दोघी-तिघी आत्ताच हसल्या, म्हणजे बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोचलेली दिसते.

मालिकेचं नाव ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’. २००१ च्या अखेरीस ती अल्फा मराठीवर सुरू झाली. हीच वाहिनी पुढं झी मराठी झाली. साधारण तीन वर्षं ती चालली. केदार शिंदे तिचे दिग्दर्शक. दिलीप प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’ या लेखनावर ती बेतलेली होती आणि घरातले आजोबा, म्हणजे आबा टिपरे, ते स्वतःच झाले होते. मुलगा शेखर, सून श्यामला, नातू शिऱ्या, नात शलाका. मुंबईतलं मध्यमवर्गीय घर, पाच माणसं आणि रोजची फुटकळ संकटं. दिवसभरात जे झालं ते रात्री आबा आपल्या वहीत लिहून ठेवतात. बस, एवढंच. कुणी कुणाच्या दुधात विष कालवत नाही, कुणी जिन्यावरून ढकलत नाही. त्याच सुमारास ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ आणि ‘चार दिवस सासूचे’ घरोघर सुरू होत्या, त्यामुळं हे ध्यानात घेण्यासारखं आहे.

तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना प्रभावळकर त्याच्याही आधीपासून ठाऊक असतील. चिं. वि. जोशींच्या कथांवरची ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ मुंबई दूरदर्शनवर सत्तरच्या दशकाच्या शेवटी लागायची. त्यात ते चिमणराव होते आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. गावात एखाद्याच्याच घरी टीव्ही असायचा, आणि अंगणात पोरं पुढं, बाप्ये खुर्चीवर, बायका दाराच्या आडोशाला, अशी बैठक असायची, असं माझी आई सांगते. टिपऱ्यांच्या वेळी मी प्राथमिक शाळेत होते आणि टीव्ही आमच्या घरात आला होता. लाईट मात्र असेलच असं नव्हतं. कित्येक भाग अर्धेच पाहिले, उरलेला अर्धा शाळेत मैत्रिणीकडून ऐकला.

मग पुढं वीस वर्षं मी टिपऱ्यांना विसरले. ते परत भेटले ते इथंच, कडेगावात. ताबुतांचे दिवस होते. आपल्याकडं ताबूत बघायला लेकी माहेरी येतात, मग ती लेक हिंदूची असो की मुसलमानाची. गटाची बैठक होती, हप्ते गोळा झाले होते, पावसानं सगळ्या अडकल्या होत्या. माहेरी आलेल्या एका मुलीनं मोबाईलवर टिपऱ्यांचा एक भाग लावला आणि एवढ्याशा पडद्याभोवती आम्ही पंधराजणी डोकी एकत्र करून बसलो. खरं सांगते, मला वाटलं होतं की आता हे शिळं वाटेल. तसं झालं नाही. भाग संपला तेव्हा पाऊस थांबला होता, पण कुणीच उठेना. ‘आनि येक लाव की’ म्हणून मागणी आली. तेव्हापासून दर बैठकीला हप्ते झाले की एक भाग, असा रिवाजच पडला.

आता गंमत ऐका. मी आठ वर्षं शिबिरं घेते. पितृसत्ता म्हणजे काय हे खडूनं फळ्यावर काढून दाखवते, बाया माना डोलावतात आणि घरी जातात. आबा टिपऱ्यांनी मात्र पहिल्याच बैठकीत तोंडं उघडली. एक म्हणाली, “आवं ताई, असला सासरा कुठं मिळतुया? सुनंच्या बाजूनं बोलतुया!” दुसरी फटकन म्हणाली, “त्या घरात सासू न्हाई, म्हणून ग्वाड चाललंय सगळं.” एवढ्यात कोपऱ्यातल्या एक आजी, तीन सुनांच्या सासू, भडकल्या. “म्हंजी आमी मेल्याबिगार घर ग्वाड व्हायचं न्हाई व्हय?” हशा झाला, पण त्यांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मालिकेनं सासूला वगळलं आणि तिच्या जागी गोड सासरा बसवला, मग भांडायला कारणच उरलं नाही. दुसऱ्या मालिकांनी उलटं केलं, सगळं विष सासूच्या तोंडी घातलं. दोन्हीकडं घरातली खरी सत्ता कुणाच्या हातात आहे हे झाकलेलंच राहिलं. त्या दिवशी आजी सांगत बसल्या, की मालकांपुढं त्या स्वतः चाळीस वर्षं कशा मान खाली घालून वागल्या, आणि ती मान फक्त सुनेपुढं कशी वर व्हायची. दुसरीकडं कुठं वर करायला जागाच नव्हती, असं म्हणाल्या. मी हे फळ्यावर कितीदा लिहिलं असेल! कधी इतकं नीट उतरलं नव्हतं.

आपल्या भागातली गलाईवाली घरं तुम्हाला माहीत आहेत. सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी खानापूर, कडेगाव, आटपाडीकडची माणसं देशभर पांगली आहेत. गटातली एकजण लग्नानंतर अशीच दक्षिणेत दूर गेली होती. दुकानामागची एक खोली, शेजाऱ्यांची भाषा कळत नाही, नवरा दिवसभर भट्टीवर. तिनं सांगितलं की तिच्या खोलीत मराठी बोलणारं दुसरं माणूस नव्हतं, टिपरेच काय ते. “श्यामला माजी शेजारीन हुती ताई.” तिनं हे अगदी साधेपणानं सांगितलं. करमणूक म्हणून आपण ज्याला बाजूला सारतो, त्यावर एखादी बाई परमुलखात तग धरते, हे मला माझ्या समाजकार्याच्या पदवीत कुणी शिकवलं नव्हतं.

सगळं गोडच आहे असंही नाही. मी चष्मा लावून पाहिलंच. त्या घरात चहा कोण करतं? आम्ही पाहिलेल्या भागांत तो बहुतेक वेळा श्यामलेच्याच हातून येतो. आबा कितीही प्रेमळ असले तरी कप आपण होऊन विसळत नाहीत. २०१९ मध्ये केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं लोक वेळ कसा घालवतात याची देशभर पाहणी केली होती. घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात, म्हणजे जवळजवळ पाच तास, आणि जे पुरुष घरकाम करतात ते ९७ मिनिटं. जे करतच नाहीत ते या ९७ मध्ये धरलेलेही नाहीत! शिवाय टिपऱ्यांचं घर शहरातलं, नळ घरात असलेलं. उसाच्या सरीतून येऊन चूल पेटवणारी बाई त्या घरात कुठंच नाही. हे मी बोलून दाखवलं तेव्हा एकीनं मला गप्प केलं. “ताई, आमाला ठावं हाय ते. जरा हसू द्या की.” मी हसू दिलं. आपण कार्यकर्त्या कधी कधी फार घाईनं चुका काढायला धावतो, मीसुद्धा.

आता ज्यासाठी ही लांबची वाट घेतली तिथं येते.

आमच्या गटात एक बाई आहे. नाव, गाव सांगत नाही, आणि ओळखू येईल असा तपशील थोडा बदलला आहे. तिचा नवरा पंचक्रोशीत लाडका आहे. वरातीत नकला करतो, सप्त्यात माणसं जमवतो, कुणाच्या मयतीला पहिला हजर. तो आला की माणसं आधीच हसायला लागतात. दोन मुली आहेत, मुलगा नाही. चारचौघांत तो बायकोला म्हैस म्हणतो. “आमची म्हस दोनदा व्याली, दोन्ही येळंला रेडीच” हा त्याचा हुकमी विनोद. पाहुणे हसतात. तीही हसायची, कारण हसली नाही तर ‘हिला गंमत कळत नाही’ म्हणून आणखी एक विनोद व्हायचा. रात्री दार लागलं की मग हातही उचलायचा. पण ती मला म्हणाली की माराची तिला सवय झाली होती, त्या हसण्याची काही केल्या झाली नाही.

तिनं आधी एका ठिकाणी तक्रार सांगून पाहिली होती. समोरचा माणूस ऐकून हसला. “तो? अहो, तो तर किती मजेशीर माणूस!” तिथून ती घरी आली आणि पुढं दोन वर्षं कुणाकडं बोलली नाही.

टिपऱ्यांचे सात-आठ भाग होईपर्यंत ती बैठकीत गप्पच असायची. एके दिवशी भाग संपल्यावर म्हणाली, “आबा सोतावर हसत्यात. आमचं मालक माज्यावर हसत्यात.” आणि उठून गेली.

आबांची फजिती होते तेव्हा ते स्वतःच वहीत लिहून ठेवतात की मी कसा फसलो. शेखरचा फुगा फुटतो, शिऱ्याचे बेत कोसळतात. हसू घरात गोल फिरतं, प्रत्येकाच्या वाट्याला येतं, आणि ज्याच्यावर येतं तोही उलटून बोलू शकतो. त्या बाईच्या घरात हसू एकाच दिशेनं वाहत होतं. आपण या माणसांना ‘दिलखुलास’ म्हणतो. लग्नात, जेवणावळीत, आता मोबाईलवर, बायकोच्या जाडीवर, काळ्या रंगावर, माहेरावर विनोद होतात आणि आपणही दात काढतो. मी काढले आहेत.

आणि हे बघा, कायद्यालाही हे ठाऊक आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा अधिनियम २००५ चा, तो लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ पासून. त्याचं तिसरं कलम हिंसा कशाला म्हणायचं ते सांगतं. मारहाण आहे, लैंगिक छळ आहे, पैसा अडवणं आहे. पण शाब्दिक आणि भावनिक छळही आहे, आणि त्यात अपमान, नावं ठेवणं यांच्याबरोबर उपहास हा शब्द स्पष्ट घातलेला आहे. मूल नाही किंवा मुलगा नाही यावरून केलेला उपहास तर खास नमूद केलेला आहे. मी तिच्या घरी जाऊन हे कलम वाचून दाखवलं. तिनं मला ते पुन्हा वाचायला लावलं. “म्हंजी म्हस म्हननं बी हितं लिवलंय?” म्हैस लिहिलेली नाही, पण नावं ठेवणं लिहिलेलं आहे, असं मी सांगितलं.

या कायद्याखाली घर सोडावंच लागतं असं नाही, हे नीट लक्षात ठेवा. राहत्या घरात राहण्याचा हक्क १७ व्या कलमात आहे, घर कुणाच्याही नावावर असो. संरक्षण अधिकाऱ्याकडं जायचं, ते कौटुंबिक घटनेचा अहवाल तयार करतात. मग १२ व्या कलमाखाली न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं अर्ज जातो. कागदावर पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करायचा असं आहे. प्रत्यक्षात किती लागतात ते इथल्या अनेकींना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

अहवाल भरायला बसलो की पहिली अडचण येते तारखेची. कधी मारलं? ‘दिवाळीच्या अलीकडं.’ काय बोलला, कुणासमोर? ‘आता काय काय ध्येनात ठिवायचं?’ तिचंही तसंच झालं. तेव्हा तिच्या थोरल्या मुलीनंच तोड काढली. ती म्हणाली, “आई, आबांसारखं रोज लिही ना.” शाळेची अर्धी उरलेली वही होती, त्यात सुरुवात झाली. आई सातवी शिकलेली, अक्षर मोठं. तारीख, वार, काय झालं, कोण होतं. वही घरी ठेवायची नाही हे मात्र आम्ही ठरवलं. ती कुठं असते ते तीन बायकांनाच ठाऊक आहे.

समुपदेशनाच्या पहिल्या दिवशी नवरा आला आणि आल्या आल्या त्यानं एक विनोद केला. सवयीनं माझ्याही ओठांवर हसू येऊ लागलं होतं, ते मी आवरलं. ती हसली नाही, मी हसले नाही. खोलीत एवढी शांतता त्याच्या वाट्याला बहुधा पहिल्यांदाच आली असावी. प्रकरण अजून चालू आहे. मारहाण थांबली आहे असं ती म्हणते. विनोद पूर्ण थांबलेले नाहीत. पण परवा एका बारशात त्यानं म्हशीचा विनोद सुरू केला तेव्हा आमच्या गटातल्या सहाजणी तिथं होत्या आणि सहाही जणी त्याच्या तोंडाकडं नुसत्या बघत बसल्या. पुढचं वाक्य त्यानं गिळलं.

मागच्या टेबलावर को‍ऱ्या वह्या ठेवल्या आहेत, जिला हवी तिनं न्यावी, कशाला हवी ते आम्ही विचारणार नाही. जिला लिहिता येत नाही तिनं लेकीकडून किंवा आमच्याकडून लिहून घ्यावं. आणि फक्त दुःखच लिहायला हवं असं नाही. त्या बाईच्या परवानगीनं तिच्या वहीतलं पहिल्या दिवशीचं लिखाण सांगते. तारीख आहे, वार मंगळवार, आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलं आहे: आज कालवण खारट झालं. मालक ओरडलं. मीठ मी मुद्दाम जास्त टाकलं हुतं.