पद गेल्यावर उरलेले काम

अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर 29 डिसेंबर 2024 रोजी गेले, वयाची शंभरी पूर्ण करून. त्यांची आठवण निघाली की बोलणे 1977 ते 1981 या चार वर्षांपाशी येऊन थांबते: इराणमधले ओलीस, महागाई, निवडणुकीतला पराभव. मला ही आठवण अपुरी वाटते. कार्टर नौदलातले माजी अधिकारी होते आणि 77 वर्षे रोझलिन यांचे पती होते. लोकांसाठी त्यांनी जे केले त्याची मुळे या दोन नात्यांत आहेत. यावर कोणी म्हणेल, त्यांनी लढाई कुठे पाहिली? खरे आहे. ते 1946 मध्ये नौदल अकादमीतून बाहेर पडले तेव्हा महायुद्ध संपले होते. पण डिसेंबर 1952 मध्ये कॅनडात चॉक रिव्हर येथील अणुभट्टीला अपघात झाला आणि ती सुटी करून उतरवण्याच्या कामावर गेलेल्या एका तुकडीचे नेतृत्व या तरुण अधिकाऱ्याकडे होते. किरणोत्साराच्या भीतीने एका माणसाला आत जेमतेम दीड मिनिट थांबता येई. म्हणून बाहेर भट्टीची प्रतिकृती उभारून कोणता भाग कोणी सोडवायचा याचा आधी सराव केला गेला, आणि मग कार्टर स्वतःही आत उतरले. कसून तयारी करायची आणि अवघड जागी आपण स्वतः जायचे, ही रीत त्यांच्या पुढच्या साऱ्या आयुष्यात दिसते.

दुसरी शिकवण संसारातली, आणि ती त्यांना उशिरा मिळाली. 1953 मध्ये वडिलांच्या मृत्यूनंतर नोकरी सोडून गावी, प्लेन्सला, परतण्याचा निर्णय त्यांनी पत्नीला न विचारता घेतला. रोझलिन यांना तो मुळीच मान्य नव्हता. 1962 मध्ये राज्याच्या सिनेटची निवडणूक लढवण्याचे ठरवतानाही तेच घडले. हे कार्टर यांनी पुढे स्वतःच उघडपणे सांगितले आहे. पण घरच्या भुईमुगाच्या शेंगांच्या धंद्याचे हिशेब रोझलिन सांभाळू लागल्या आणि त्यांचे म्हणणे ऐकल्याशिवाय पान हलेनासे झाले. 1982 मध्ये कार्टर सेंटर उभे राहिले ते दोघांचे म्हणून; तिथले मानसिक आरोग्याचे काम तर रोझलिन यांचेच. ज्याच्यासाठी काम करायचे त्याला आधी विचारावे, हे कार्टर घरात शिकले असे मी मानतो.

याचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे नारूविरुद्धची मोहीम. आपल्याकडच्या जुन्या पिढीने हा रोग पायऱ्यांच्या विहिरींच्या काठी पाहिला आहे. त्यावर लस नाही, रोग बरा करणारे औषध नाही. पिण्याचे पाणी फडक्यातून गाळणे आणि जखम झालेल्याला पाण्यात उतरू न देणे, हाच मुख्य उपाय, आणि तो घरोघर जाऊन पटवावा लागतो. 1986 मध्ये जगात अंदाजे 35 लाख रुग्ण होते. 2023 मध्ये 14. भारतातला नारू आपल्याच आरोग्य कर्मचाऱ्यांनी घालवला, ते श्रेय त्यांचेच. पण आफ्रिकेतल्या मोहिमेला कार्टर सेंटरने चिकाटीने उभे ठेवले. माजी राष्ट्राध्यक्षाला पैसा आणि प्रवेश सहज मिळतो, हा आक्षेप मला मान्य आहे. मात्र प्रसिद्धीने सरकारची दारे उघडतात, रोजचे पाणी गाळण्याची सवय लागत नाही. ती गावातल्या माणसांनीच लावली, आणि त्यांच्यावर भरवसा ठेवण्याची बुद्धी या मोहिमेला होती.

त्यांच्या चुका झाकण्याचे कारण नाही. 1950 च्या दशकात गोऱ्यांच्या वर्णभेदी संघटनेत सामील व्हायला त्यांनी नकार दिला, पण 1970 च्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत वर्णभेदी मतदारांना चुचकारलेही. निवडून आल्यावर पहिल्याच भाषणात त्यांनी भेदभावाचा काळ संपला असे बजावले, तरी तो प्रचार पुसला जात नाही. मी तो त्यांच्या खात्यावर ठेवूनच बोलतो आहे.

महाराष्ट्राशी या घराचे नाते दोनदा जुळले. त्यांच्या आई लिलियन 1966 मध्ये, वयाच्या 68 व्या वर्षी, पीस कोअरच्या स्वयंसेविका म्हणून आल्या आणि विक्रोळीत रुग्णसेवा केली. 2006 मध्ये लोणावळ्याजवळ मळवली परिसरात गरीब कुटुंबांसाठी सुमारे शंभर घरे बांधली गेली, तेव्हा 82 वर्षांचे कार्टर आणि रोझलिन बांधकामावर हजर होते. त्या घरांत राहायला जाणाऱ्या कुटुंबांनीही त्यांच्या बरोबरीने हात लावला होता.