बाह्यकोन : ‘मोठा’ आणि ‘बेरजेइतका’
(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाची संहिता)



शाळा सोडून कितीही वर्षे लोटली तरी भूमितीतले एक वाक्य बहुतेकांच्या स्मरणात राहते : त्रिकोणाचा बाह्यकोन हा त्याच्या दोन दूरस्थ आंतरकोनांच्या बेरजेइतका असतो. रायपूरच्या मराठी मुलाला ही आकृती शाळेत ‘त्रिकोण’ म्हणून भेटते आणि शेजारच्या हिंदी शाळेतील मित्राच्या वहीत तीच ‘त्रिभुज’ असते. एका भाषेने कोन मोजले, दुसरीने भुजा. आकृती मात्र एकच. या सुपरिचित वाक्याच्या शेजारी पाठ्यपुस्तकात आणखी एक लहानसे वाक्य असते : बाह्यकोन प्रत्येक दूरस्थ आंतरकोनापेक्षा मोठा असतो. बेरीज ही तिच्या प्रत्येक भागापेक्षा मोठी असणारच, त्यात नवल ते काय, असे म्हणून विद्यार्थी पान उलटतो. आजचे विवेचन या उपेक्षित वाक्याविषयी आहे.

युक्लिडने इ.स.पू. ३००च्या सुमारास रचलेल्या ग्रंथात क्रम नेमका उलटा आहे. पहिल्या भागातील सोळावे विधान ‘मोठा’ एवढेच सांगते. ‘बेरजेइतका’ हे बत्तिसाव्या विधानात येते. अठराव्या शतकात जयपूरच्या सवाई जयसिंहाच्या आश्रयाला असलेल्या जगन्नाथ सम्राट यांनी हा ग्रंथ अरबीवरून संस्कृतात ‘रेखागणित’ या नावाने आणला आणि तो पुढे मुंबईत १९०१-०२ मध्ये छापला गेला. मधल्या सोळा विधानांचे अंतर निष्कारण नाही. बेरजेचे प्रमेय सिद्ध करण्यासाठी शिरोबिंदूतून समोरच्या बाजूला समांतर रेषा काढावी लागते आणि समांतर रेषांविषयीचे गृहीतक युक्लिडने एकोणतिसाव्या विधानापर्यंत वापरलेलेच नाही. सोळाव्या विधानाला त्याची गरज पडत नाही. कमी भांडवलावर चालणारे हे विधान आहे. आधी बेरीज शिकवून त्याला तिची शेपटी करून टाकणे हा त्याच्यावर अन्याय होय.

त्याची सिद्धता पाहण्यासारखी आहे. अबक हा त्रिकोण घ्यावा. अक ही बाजू क च्या पलीकडे ड पर्यंत वाढवावी. बकड हा बाह्यकोन झाला. आता बक चा मध्यबिंदू म घेऊन अम जोडावी आणि तेवढीच पुढे फ पर्यंत वाढवावी. अमब आणि फमक हे त्रिकोण दोन बाजू व त्यांमधला कोन समान असल्याने एकरूप होतात. म्हणून ब पाशी असलेला आंतरकोन हा फकम या कोनाएवढा भरतो. फ मात्र बाह्यकोनाच्या आत पडलेला आहे. म्हणजे आंतरकोन जसाच्या तसा उचलून बाह्यकोनात ठेवला, तर तो त्याचा एक भाग ठरतो, आणि अवघे हे भागाहून मोठे. कोनमापकाला हात लावावा लागला नाही, की एकही अंश मोजावा लागला नाही. दुसऱ्या दूरस्थ कोनाला हीच युक्ती लागू पडते.

न मोजता तुलना करण्याचे हे सामर्थ्य किती दूर जाते, हे पंडरीच्या कापड बाजारात उभे राहूनही कळते. एका दुकानाच्या दर्शनी पाटीची दोन टोके ब आणि क माना. रस्त्यापलीकडे अ पाशी उभा असलेला ग्राहक पाटीकडे चालत अबक या त्रिकोणाच्या आतील द या बिंदूशी आला. त्याच्या डोळ्याशी होणारा कोन वाढला की घटला? वाढला, हे कोणीही सांगेल; का वाढला, हे सांगणारे थोडे. बद ही रेषा वाढवून अक ला प मध्ये छेदू द्यावी. बदक हा दपक त्रिकोणाचा बाह्यकोन, म्हणून तो प च्या कोनापेक्षा मोठा. प चा तो कोन हा अबप त्रिकोणाचा बाह्यकोन, म्हणून तो अ च्या कोनापेक्षा मोठा. दोन पावलांत निर्णय. ग्राहक सरळ आला की तिरका, पाटी किती लांब आहे, यांपैकी काहीच विचारावे लागले नाही. त्रिकोणात मोठ्या बाजूसमोरचा कोन मोठा असतो, हे प्रमेयही याच वाक्याच्या बळावर उभे आहे.

एवढे सामर्थ्य असलेले वाक्य सर्वत्र खरे असते का? येथे पृथ्वीगोल हाती घ्यावा. नागपूरचे रेखांश सुमारे ७९ अंश, रायपूरचे साडेएक्याऐंशीच्या किंचित पुढे. अंतर अडीच अंशांचे. दोन्ही शहरांची रेखावृत्ते उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंत खाली आणली की एक लांबट त्रिकोण तयार होतो. अ हा ध्रुव, ब आणि क विषुववृत्तावर. रेखावृत्ते विषुववृत्ताला काटकोनातच छेदतात; म्हणून ब पाशी ९० अंश, क पाशी ९० अंश, ध्रुवापाशी अडीच. क पाशी बाह्यकोनही ९० अंशांचाच! तो ब च्या कोनापेक्षा मोठा नाही आणि बेरजेच्या साडेब्याण्णव अंशांइतकाही नाही.

चूक कोठे झाली, हे शोधण्यात खरा आनंद आहे. सिद्धतेतील रचना गोलावर पुन्हा करावी. ध्रुवापासून बक च्या मध्यबिंदूपर्यंत जावे आणि तेवढेच पुढे जावे. हा प्रवास थेट दक्षिण ध्रुवावर संपतो. फ म्हणजे दक्षिण ध्रुव, आणि रायपूरचे वाढवलेले रेखावृत्तही तेथेच पोहोचते. फ बाह्यकोनाच्या आत न पडता त्याच्या कडेवरच जाऊन बसला. भाग म्हणून ठेवलेला कोन अवघा होऊन बसला. सपाट कागदावर ‘फ आत पडतो’ हे डोळ्यांना इतके उघड दिसते की त्याला कारण लागते, हे ध्यानातच येत नाही. एकोणिसाव्या शतकात लोबाचेव्हस्की आणि बोल्याई यांनी समांतरतेचे गृहीतक बदलून जी भूमिती मांडली, तिच्यात बेरजेचे प्रमेय मोडते, पण सोळावे विधान शाबूत राहते. गोलावर मात्र दोन्ही डळमळतात.

ही चर्चा केवळ वर्गापुरती नाही. वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे विल्यम लॅम्बटन यांची समाधी आहे. १८०२ साली मद्रासला पायारेषा मोजून त्यांनी त्रिकोणांची साखळी उत्तरेकडे आणायला आरंभ केला. हैदराबादेहून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला त्यांचा अंत झाला. सुमारे अर्धा टन वजनाचे त्यांचे कोनमापन यंत्र विकलांपर्यंतचे कोन वाचण्यासाठी होते, आणि जमिनीवरचा मोठा त्रिकोण तर गोलावरचा असतो. त्याच्या तीन कोनांची बेरीज १८० अंशांहून अधिक भरते : क्षेत्रफळाच्या सुमारे १९७ चौरस किलोमीटरांमागे एक विकला. पन्नास किलोमीटर बाजूंच्या समभुज त्रिकोणात ही वाढ साडेपाच विकलांची होते. बाह्यकोन तेवढ्यानेच दूरस्थ कोनांच्या बेरजेपेक्षा कमी पडतो. ही वाढ हिशेबात न धरली तर ती निरीक्षकाच्या चुकीत मिसळून जाईल आणि साखळीतल्या पुढच्या त्रिकोणांत उतरत राहील. फ्रेंच गणिती लजांद्र यांनी १७८७ साली यावर तोडगा काढला : वाढीचा तिसरा हिस्सा प्रत्येक कोनातून वजा करावा आणि मग त्रिकोण सपाट समजून पुढील हिशेब करावा.

‘मोठा’ हे वाक्य मात्र एवढ्या लहान त्रिकोणांत अबाधित राहते, कारण त्यातील मध्यगा दुप्पट केली तरी पृथ्वीच्या पलीकडच्या टोकाला पोहोचत नाही. पंडरीतील एखाद्या भूखंडाच्या त्रिकोणात तर ही वाढ एका विकलेचा शंभरावा भागही भरणार नाही.