शिक्षकाचा परवाना आणि शासनाचे कर्तव्य

(जुहू येथील व्याख्यानाचा संक्षेप)



महर्षी कर्वे यांनी १९१६ साली स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाचा एक परिसर या जुहूत आहे. त्या विद्यापीठाला कायद्याची मान्यता मिळाली ती १९५१ साली. मधली पस्तीस वर्षे तेथे स्त्रिया शासकीय शिक्क्यावाचून शिकल्या. शिक्का आणि शिक्षण या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यावरून ध्यानी यावे.

म्हणून शिक्का नकोच, असे मात्र नाही. आपली मुले कोणाच्या हाती सोपवली जातात हे पारखून घेण्याची ऐपत श्रीमंताला असते, मजुराला नसते. ती पारख त्याच्या वतीने शासनानेच करावयाची. प्रश्न एवढाच, की परवाना मागणारे शासन शिक्षक घडवण्याचा भार उचलते काय?

महाराष्ट्रातील २९१ डी. एड. विद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०११ साली न्या. वर्मा आयोग नेमला गेला. देशातील सुमारे ९० टक्के अध्यापक-शिक्षण संस्था खाजगी क्षेत्रात आहेत, हे त्या आयोगाने नोंदवले आणि शासनाने या क्षेत्रात भांडवल घालावे, अशी शिफारस केली. शिफारस कागदावर राहिली. परीक्षा मात्र आली. २०१३ पासून राज्यात शिक्षक पात्रता परीक्षा घेतली जाऊ लागली. २०२१ साली तिच्यातील गैरव्यवहारात परीक्षा परिषदेच्या आयुक्तांनाच अटक झाली आणि पुढे ७,८०० हून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. राखणदारच चोरांना सामील झाल्यावर कुंपणाचा उपयोग काय?

परीक्षा घेणे स्वस्त, शिक्षक घडवणे महाग. शासनाने स्वस्त मार्ग पत्करला. २००० साली आलेल्या शिक्षणसेवक योजनेतही हाच हिशेब होता. २०२३ पर्यंत प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन दरमहा ६,००० रुपये होते!

१ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या सेवेतील शिक्षकांनाही ही परीक्षा दोन वर्षांत उत्तीर्ण होण्याचे बंधन घातले. पंधरा-वीस वर्षे खेड्यात शिकवणाऱ्यांच्या भाकरीचा हा प्रश्न आहे. त्यांची परीक्षा जरूर घ्यावी. पण त्याआधी शासकीय अध्यापक विद्यालये सुसज्ज करावीत, शिक्षकांना पगारी अभ्यासरजा द्यावी आणि शाळाबाह्य कामांचे ओझे उतरवावे. शिक्षकाची पात्रता तपासण्याचा अधिकार शासनाला आहे. तो अधिकार वापरण्यास स्वतः पात्र होणे, हे त्याचे पहिले कर्तव्य होय.