मोहोरबंद बॅटरीचे आयुष्य

कावेरीवरील शिवनसमुद्र येथे निर्माण झालेली वीज १९०२ साली कोलारच्या सोन्याच्या खाणींना मिळाली आणि १९०५ साली तिने बंगळूरचे दिवे उजळले. विजेच्या बाबतीत इतके भाग्यवान ठरलेले हे नगर आज मात्र वीज जाईल तेव्हाची तरतूद जागोजागी करून बसले आहे. संगणकाच्या यूपीएसमध्ये किंवा लिफ्टच्या सुटकेच्या यंत्रणेत पुष्कळदा मोहोरबंद बॅटरी असते. पाणी घालण्याची दगदग नाही म्हणून ती घेतली जाते, आणि त्याच कारणाने विसरलीही जाते. दोन मजल्यांच्या मध्ये अंधारात अडकलेल्या माणसालाच मग तिची आठवण होते.

१८५९ साली गास्ताँ प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिशाचे पत्रे व गंधकाम्ल यांपासून पुन्हा पुन्हा भरता येणारा विद्युत्घट सिद्ध केला; ही त्याचीच वंशज. हिच्यातील अम्ल बहुधा काचतंतूंच्या थरात शोषलेले असते. चार्ज होताना धन पत्र्यावर निघालेला प्राणवायू त्या थरातून ऋण पत्र्याकडे जातो व त्याचे पुन्हा पाणी होते. चार्जरने फाजील दाब दिला, तर वायू साचून झडप उघडते आणि गेलेले पाणी परतत नाही. म्हणून सदैव जोडलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीला २५ अंश सेल्सियसच्या सुमारास १३.५ ते १३.८ व्होल्ट पुरेत. झाकण उचकटून पाणी ओतण्याचे उद्योग काही हौशी कारागीर करतात. त्यात लाभ थोडा, अम्लाने हात भाजण्याचे भय अधिक.

तिचा खरा वैरी उष्णता. तापमान २५ अंशांच्या वर ८ ते १० अंशांनी चढले की आयुष्य सुमारे निम्मे होते. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरच्या बंगळुरास निसर्गाने सौम्य हवा दिली आहे. पण बॅटरी वारा न खेळणाऱ्या कपाटात, तापणाऱ्या यंत्राला खेटून ठेवणारा गृहस्थ बंगळुरात राहून नागपूरचा वैशाख विकत घेतो!

दुसरा वैरी उपासमार. रिती राहिलेल्या बॅटरीच्या पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटचे स्फटिक कठीण होत जातात आणि मग ती भरत नाही. भार चालू असता दाब १०.५ व्होल्टखाली जाऊ देऊ नये. वीज येताच ती पूर्ण भरू द्यावी. वापरात नसलेली बॅटरीही आपोआप उतरते. ती भरून थंड जागी ठेवावी व दर तीन-चार महिन्यांनी पुन्हा भरावी.

अनेक बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असल्या, तर प्रत्येकीचा दाब भार असताना निराळा मोजावा. एखादी दुबळी असली तर ती साऱ्या मालिकेला खाली ओढते. तिच्या जागी एकच नवी बसवली, तर जुन्यांच्या संगतीत तीही लवकर थकते. जुना संच भंगारात वजनावर विकण्याचा मोह आवरावा. उघड्या भट्टीत वितळणाऱ्या शिशाची धूळ व धूर भोवतालच्या मुलांच्या रक्तात उतरतात, आणि मुलांच्या मेंदूला शिशाची इजा कायमची होते. जुन्या बॅटऱ्या गोळा करून रीतसर कारखान्यात पोहोचवण्याचे दायित्व २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर टाकले आहे. नवा संच घेतानाच जुना विक्रेत्याच्या स्वाधीन करावा.